आट्यापाट्यांचा डाव पुन्हा मांडू या



आजरा तालुक्यातला पाऊस आजरेकरांना नव्याने सांगायला नको. शाळेच्या पटांगणात चिखल झाला की मुलांचे धावणे थांबते. मग घनसाळाची कापणी होते, खाचरे मोकळी पडतात, जमीन टणक होते. खेळाचा हंगाम तो हाच. या हंगामात आपल्या शाळेत आणि वाडीवर एक जुना सांघिक खेळ पुन्हा सुरू करावा, एवढे सांगण्यासाठी हे भाषण आहे. तो खेळ म्हणजे आट्यापाट्या.

गावातल्या वडीलधाऱ्यांपैकी काहींना हा खेळ ठाऊक असेल. मुलांना मात्र बहुधा नावही ठाऊक नसते. तेव्हा आधी मैदान कसे आखायचे ते पाहू. मधोमध सुमारे ८९ फूट लांबीची एक पट्टी आखायची; ती सूरपाटी. तिला आडव्या, ११-११ फुटांच्या अंतराने नऊ पाट्या. प्रत्येक पाटी सुमारे २३ फूट लांब आणि फूटभर रुंद. आखायला कळीचा चुना नको. तो डोळ्यांत गेला तर इजा होते. तुसाची राख पुरे. मुले अनवाणी खेळणार असतील तर आधी धसकटे काढून घ्या, हेही विसरू नका.

आता खेळ. एका संघाचे नऊ गडी नऊ पाट्या अडवतात. पाटीवर एकेक गडी. दुसऱ्या संघाचे नऊ गडी हुलकावण्या देत पाट्या ओलांडू पाहतात. अडवणाऱ्याने पाटीवर पाय ठेवूनच हात लावायचा. हात लागला की गडी बाद. पहिल्या पाटीवरच्या गड्याला सूरपाटीवरूनही धावता येते, म्हणून तिथे चपळ मुलगा किंवा मुलगी ठेवावी. सात मिनिटांचा डाव धरावा आणि ओलांडलेल्या प्रत्येक पाटीला एक गुण द्यावा. शाळेपुरता हा हिशेब सोपा पडतो.

म्हणाल, कबड्डी आहे, खो-खो आहे, मग हा तिसरा कशाला? शिक्षक बंधुभगिनींनो, आपल्या वर्गातली अशी मुले आठवा, जी खेळाच्या तासाला कडेला बसून दप्तरे राखतात. कोणी अंगाने किरकोळ, कोणी पकडीला घाबरते. आट्यापाट्यांत झोंबाझोंबी नाही. इथे नजर, पावलांची चपळाई आणि हूल चालते. दांडगा गडी इथे सहज फसतो आणि किरकोळ पोरगी नऊ पाट्या पार करून जाते. मुलगे-मुली एकत्रही खेळू शकतात. खर्च म्हणाल तर चेंडू नको, जाळे नको, बूट नकोत.

वाडीवरच्या शाळेचा पट लहान असतो, नऊ-नऊ मुले जमत नाहीत, ही अडचण खरी. तिथे पाचच पाट्या आखा. नाहीतर शनिवारी शेजारच्या वाडीची शाळा बोलवा. त्या निमित्ताने दोन गावांची मुले एकमेकांना ओळखू लागतील.

‘या खेळाने पुढे काय मिळणार?’ असे पालक विचारतील. तोही प्रश्न रास्तच आहे. पण खेळ मोठा होतो तो खेळणाऱ्यांमुळे. हुतूतू हा गावचाच खेळ होता. कबड्डी म्हणून तो १९९० साली बीजिंगच्या आशियाई क्रीडास्पर्धांत पोहोचला. खो-खोचे नियम पुण्याच्या डेक्कन जिमखान्यात १९१४ च्या सुमारास बांधले जाऊ लागले. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीत त्याची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली आणि पुरुष व महिला असे दोन्ही चषक भारताने जिंकले. महिलांच्या संघाची कर्णधार होती महाराष्ट्राची प्रियांका इंगळे. आट्यापाट्यांचाही देशपातळीवरचा महासंघ १९८२ पासून आहे. इंडोनेशियात ‘गोबाक सोडोर’ आणि फिलिपिन्समध्ये ‘पातिंतेरो’ हे याच जातीचे खेळ मुले खेळतात. तेव्हा याला अडाण्यांचा खेळ म्हणून हिणवू नये.

मात्र नियम पुस्तकात राहिले आणि खेळलेले पाय म्हातारे झाले, तर हूल कशी द्यायची हे शिकवणार कोण? म्हणून गुरुजींनी आणि बाईंनी एक करावे. गावात हा खेळ खेळलेले आजोबा-आजी असतील, तर त्यांना एक दिवस पटांगणात बोलवावे. त्यांनी कडेला बसून नुसते ‘असे नव्हे, असे’ म्हटले, तरी मुले पुष्कळ शिकतील. यंदाची कापणी आटोपली की एक खाचर मागून घ्या, राखेने पाट्या आखा आणि पहिला डाव मांडा.