कामिओकाची खाण

जपानच्या आधुनिक खगोलशास्त्राची कथा बहुधा राजधानीपासून सांगितली जाते. १८८८ साली टोकियो वेधशाळा स्थापन झाली. १८९९ साली मिझुसावा येथे अक्षांशवेधशाळा निघाली. तेथील किमुरा यांचे वेध जर्मनीतील मध्यवर्ती कार्यालयाने सदोष ठरविले. १९०२ साली किमुरांनी दाखवून दिले की, सर्वांच्याच सूत्रात एक पद कमी होते! या गोष्टीचा जपानी माणसास अभिमान वाटतो, आणि तो रास्त आहे. मला मात्र आज एका खाणीविषयी बोलावयाचे आहे.

कामिओका ही मित्सुई कंपनीची जस्ताची खाण. १९८३ साली तिच्या पोटात, हजार मीटर खडकाखाली, तीन हजार टन शुद्ध पाण्याची टाकी उभारून तिच्या भिंतींवर सुमारे हजार प्रकाशग्राहक नळ्या बसविण्यात आल्या. प्रोटॉनचा क्षय पाहावा, हा हेतू. तो काही दिसला नाही. परंतु २३ फेब्रुवारी १९८७ रोजी, सुमारे एक लक्ष साठ हजार प्रकाशवर्षे दूरच्या ताऱ्याच्या स्फोटातून निघालेले अकरा न्यूट्रिनो त्या पाण्यात काही सेकंदांत टिपले गेले. प्रयोगाचे प्रमुख कोशिबा यांना २००२ साली नोबेल पारितोषिक मिळाले. (कोलारच्या सोन्याच्या खाणीत १९६५ सालीच मुंबईची टाटा संस्था, ओसाका व डरहॅम येथील शास्त्रज्ञांनी न्यूट्रिनो नोंदविले होते, हे आपण सहसा विसरतो.)

अर्थशास्त्राचा विद्यार्थी येथे एक प्रश्न विचारणारच: हा आयता पोखरलेला डोंगर विज्ञानाला कोणाच्या खर्चाने मिळाला?

याच खाणीच्या सांडपाण्यातील कॅडमियम जिन्झू नदीत गेले, नदीतून तोयामाच्या भातखाचरांत आणि भातातून माणसांच्या हाडांत. बळी पडल्या त्या मुख्यत्वे अनेक बाळंतपणे झालेल्या, उतारवयाकडे झुकलेल्या शेतकरी स्त्रिया. नुसत्या खोकल्याने हाडे मोडत. रोगाचे नावच ‘इताई-इताई’, म्हणजे ‘दुखतंय, दुखतंय’. हागिनो या गावच्या डॉक्टरांनी खाणीकडे बोट दाखविले. १९६८ साली शासनाने कारण मान्य केले, त्याच वर्षी शेतकरी न्यायालयात गेले आणि १९७२ साली अंतिम विजय मिळाला. विषारी खाचरांची माती सुधारण्याचे काम मात्र २०१२ पर्यंत चालले.

पदार्थवैज्ञानिकांवर याचा दोष कोणी ठेवणार नाही. पण नळ्या मोजणाऱ्या इतिहासाने या बायाही मोजाव्यात.

भरपाई घेऊन शेतकरी घरी बसले नाहीत. तज्ज्ञांना बरोबर घेऊन केव्हाही खाणीत शिरून तपासणी करण्याचा अधिकार त्यांनी कंपनीकडून लिहून घेतला, तोही कंपनीच्याच खर्चाने. कोशिबांची टाकी उभी राहिली, तेव्हा या कराराला अकरा वर्षे झाली होती.