पिठाचे गहू होत नाहीत

विषय दिलाय फोटोंच्या ऑनलाइन रूपांतराचा. संकेतस्थळावर फाइल चढवायची, बटण दाबायचं, दुसऱ्या फॉरमॅटमध्ये उतरवून घ्यायची. हे तुम्हा सगळ्यांना येतं, त्यात मी वेळ घालवत नाही. मला बोलायचंय ते मूळ फाइलबद्दल. ती पुसू नका हो!

दिवाळी अंकाच्या कामात माझ्याकडे फोटो येतात. एखाद्या लेखासोबत आजोबांचा फोटो व्हॉट्सॲपवरून येतो, जेमतेम 200 केबीचा. मी म्हणतो, छपाईला टिफ द्या. तासाभरात टिफ हजर! 1600 बाय 1200 पिक्सेलची तीच फाइल आता पावणेसहा एमबीची झालेली असते. पाठवणारे खूश: "बघा, क्वालिटी वाढवून दिली."

अहो, पिठाच्या डब्यावर 'गहू' अशी चिठ्ठी लावली म्हणून आत गहू होतात का?

जेपेग म्हणजे दळलेलं पीठ. 1992 पासून चालत आलेली ही पद्धत चित्राचे 8 बाय 8 पिक्सेलचे चौकोन पाडते आणि डोळ्याला सहसा न जाणवणारे बारकावे काढून टाकते. गेलं ते गेलं. तो फोटो मोठा करून फेट्याची कड बघा. मागे पांढरी भिंत असली, तर कडेला राखाडी कचरा दिसेल. टिफ केल्यावरही तो कचरा तिथेच असतो, फक्त जास्त जागा अडवतो. पानभर फोटो हवा, तर एफोर पानाला 300 डीपीआयने 2480 बाय 3508 पिक्सेल लागतात. ते कुठल्या बटणातून आणायचे?

एक मात्र कबूल करायला हवं. फोटोवर पुढे बरंच काम करायचं असेल, तर जेपेगची एकदा टिफ किंवा पीएनजी करून घेणं शहाणपणाचं. कारण जेपेग दुरुस्त करून पुन्हा जेपेगमध्येच सेव्ह केली, की पीठ पुन्हा जात्यात. दर खेपेला आणखी काहीतरी जातं. पण त्यानं गहू परत मिळतात असं नाही, हे परत सांगतो, कारण नेमकं हेच ऐकायचं राहून जातं.

तेव्हा गहू कणगीत ठेवा. स्कॅनरची टिफ असेल, कॅमेऱ्याची रॉ असेल, आयफोनची एचईआयसी असेल, ती तशीच राहू द्या. परीक्षेच्या अर्जाला 50 केबीची जेपेग मागितली? त्यातलं पायलीभर घ्या, दळा, द्या. कणगी रिकामी करून सगळंच दळायला कोणी सांगितलंय?

आता गिरणीबद्दल. आपला डबा परक्या गिरणीत ठेवून घरी येतो, तशी आपली फाइल दुसऱ्याच्या सर्व्हरवर जाते. फोनच्या फोटोत तो कुठे काढला ते ठिकाणही बरेचदा नोंदलेलं असतं. मुलांचे फोटो, आधार कार्ड, सगळं बिनधास्त चढवतात लोक! मार्च 2025 मध्ये एफबीआयच्या डेन्व्हर कार्यालयानं अशा फुकट रूपांतर करणाऱ्या बनावट साइट्सबद्दल इशारा दिला होता. काम करून देतात आणि सोबत घातक सॉफ्टवेअर घुसवतात. त्यापेक्षा घरघंटी बरी. गूगलचं स्क्वूश ब्राउझरमध्ये चालतं, पण रूपांतर तुमच्याच यंत्रावर होतं, फोटो बाहेर जात नाही. साध्या कामाला संगणकातला पेंटसुद्धा पुरतो.

घड्याळ दाखवतायत मला. पीएनजीतल्या पारदर्शक लोगोची जेपेग केली, की मागे पांढरा नाहीतर काळा चौकोन का येतो, तर जेपेगला पारदर्शकता ठाऊकच नाही. आणि मूळ पीएनजी पुसलेली असली, तर तो चौकोन कापत बसा.

रंगांचं राहिलंच. ॲडोब आरजीबीतला फोटो रूपांतर करताना त्याचं रंगांचं प्रोफाइल गळून पडलं, तर शालूचा लाल विटका दिसतो, आणि बोलणी खातो छापखानावाला. तेव्हा रूपांतर करण्याआधी सेटिंग्जमध्ये प्रोफाइल ठेवायचा पर्याय… बरं, बरं, थांबतो.