व्यापारी मालमत्तेवरील करवाढीस मर्यादा : कशावर आणि किती?

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा संपादित भाग)



आपल्यापैकी अनेकांचा चरितार्थ दुकान, गाळा, पेढी वा गोदाम यांवर अवलंबून आहे. मालमत्ता कराचे देयक हाती पडले की पहिला प्रश्न मनात येतो, यंदा किती वाढले? आणि लगोलग दुसरा, या वाढीला काही मर्यादा आहे की नाही? आजचे विवेचन या दुसऱ्या प्रश्नापुरते आहे. मर्यादा असावी, याविषयी दुमत नाही. परंतु ती कराच्या रकमेवर असावी की मालमत्तेच्या मूल्यांकनावर, यात महदंतर आहे. ते न ओळखता केलेली मागणी व्यापाऱ्याच्याच अंगाशी येते, असे माझे स्पष्ट मत आहे.

मूल्यांकन गोठविल्याने काय होते, हे मुंबईने दीर्घकाळ अनुभवले आहे. १८८८ च्या महापालिका अधिनियमानुसार कर ठरे तो करयोग्य मूल्यावर, म्हणजे जागेस वाजवीपणे मिळू शकणाऱ्या वार्षिक भाड्यातून दुरुस्तीपोटी दहा टक्के वजा करून. पुढे १९४७ चा भाडे नियंत्रण कायदा आला आणि जुन्या जागांचे प्रमाणित भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधले गेले. भाडे थांबले, म्हणून मूल्य थांबले. मूल्य थांबले, म्हणून करही थांबला. कोणी ठरवून न घातलेली अशी ही मर्यादा होती. तिचा लाभ जुन्या पेढ्यांना झाला, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्याच रस्त्यावर नव्या इमारतीत चढ्या भाड्याने गाळा घेणाऱ्या तरुण व्यापाऱ्याचा कर त्या चढ्या भाड्यावरून ठरे. शिवाय पालिकेचा खर्च थोडाच थांबतो? एका दारातून येणारे उत्पन्न आटले की ती दुसरे दार ठोठावते. मुंबईत ते दार जकातीचे होते, आणि जकात कोण भरत होते हे या सभागृहात मी सांगण्याची आवश्यकता नाही. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि जकात गेली. तेव्हापासून पालिकेची भिस्त मालमत्ता करावर अधिकच आहे.

२००९ मध्ये कायद्यात सुधारणा होऊन एप्रिल २०१० पासून मुंबईत भांडवली मूल्याधारित आकारणी लागू झाली. रेडी रेकनरचा दर, वापराचा प्रकार, बांधकामाचे वय इत्यादींवरून मूल्य काढावयाचे, असे तिचे स्वरूप. एकदम आघात होऊ नये म्हणून कायद्यानेच बांध घातला : आधीच्या वर्षाच्या तुलनेत निवासी जागेचा कर दुपटीहून आणि बिगरनिवासी जागेचा तिपटीहून अधिक होता कामा नये, पुढे दर पाच वर्षांच्या फेरआकारणीत वाढ चाळीस टक्क्यांच्या आत असावी. हा बांध रकमेवर आहे, मूल्यांकनावर नाही. उदाहरणादाखल असे धरा की जुन्या दुकानाचा कर सहा हजार होता आणि नव्या मूल्यानुसार तो तीस हजार व्हावयास हवा. पहिल्या वर्षी अठरा हजारांवर थांबावे लागेल, पहिल्या फेरआकारणीत पंचवीस हजार दोनशेवर, आणि दुसऱ्या फेरआकारणीत तो तीस हजारांना पोहोचू शकेल. जुन्या दुकानदारास उसंत मिळाली; नव्या शेजाऱ्याशी असलेली तफावतही कालांतराने मिटली. व्यापाऱ्याला तिप्पट आणि रहिवाशाला दुप्पट, हा भेद मात्र मला कधी पटलेला नाही.

याउलट मूल्यांकनावरच बांध घातला तर काय घडते, याचे उदाहरण अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात आहे. ६ जून १९७८ रोजी तेथील मतदारांनी ‘प्रपोझिशन १३’ संमत केले. मूळ कर मूल्याच्या एक टक्का, आणि करासाठीच्या मूल्यात वर्षाला जास्तीत जास्त दोन टक्के वाढ. मालकी बदलली किंवा नवे बांधकाम झाले तरच नव्याने मूल्यांकन. घरांप्रमाणे दुकाने, कार्यालये, कारखाने सर्वांना हे लागू झाले. वर्षाला दोन टक्के म्हणजे पंचेचाळीस वर्षांनंतरही मूल्य अडीचपटीच्या आतच! बाजारभाव त्याच्या कितीतरी पुढे गेला. त्यामुळे शेजारच्या दोन सारख्या दुकानांपैकी जुन्या मालकाचा कर अल्प आणि काल विकत घेणाऱ्याचा अनेकपट. त्यातही मौज अशी की जागा कंपनीच्या नावे असेल आणि समभाग विकले गेले तरी कोणा एकाकडे निम्म्याहून अधिक हिस्सा गेला नाही, तर मालकी ‘बदलली’ असे सहसा मानलेच जात नाही. लहान दुकानदारास ही सोय कोठून? मोठ्या व्यापारी मालमत्तांना बाजारभाव लावण्याचा प्रस्ताव नोव्हेंबर २०२० मध्ये मतदानास आला आणि थोडक्या फरकाने फेटाळला गेला. एकदा दिलेली सवलत परत घेणे किती दुष्कर असते, ते यावरून ध्यानी यावे. टेक्सासने २०२३ मध्ये अधिक सावध पाऊल टाकले : पन्नास लाख डॉलरपर्यंतच्या बिगरनिवासी मालमत्तेच्या मूल्यवाढीवर वर्षाला वीस टक्क्यांची मर्यादा, तीही २०२४ ते २०२६ या तीन करवर्षांपुरतीच.

मर्यादेइतकेच मोल मूल्यांकन खरे असण्याला आहे. सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०२२ रोजी मुंबईच्या भांडवली मूल्य नियमांतील २०, २१ व २२ हे नियम रद्दबातल ठरविले. भविष्यात त्या भूखंडावर किती बांधकाम होऊ शकेल हे गृहीत धरून आज कर लावता येणार नाही, जागेची आजची स्थिती पाहावी, असा त्या निर्णयाचा आशय आहे. मालमत्ताधारकांच्या संघटनेने वर्षानुवर्षे चिकाटीने लढा दिला, म्हणून हे साध्य झाले.

पागडीच्या गाळ्यात व्यवसाय करणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगून थांबतो. देयक घरमालकाच्या नावे येते, म्हणून आपण ते पाहत नाही. परंतु वाढीव कराचा भार भाडेकरूकडून वसूल करण्याची मुभा भाडे कायद्यात आहे. तेव्हा देयकाची आणि आकारणीच्या तपशिलाची प्रत मागून घ्यावी. क्षेत्रफळ, बांधकामाचे वर्ष आणि वापराचा प्रकार या तीन नोंदी आपल्या जागेशी ताडून पाहाव्यात, आणि काही चूक आढळल्यास नोटिशीतील मुदतीच्या आत घरमालकामार्फत लेखी हरकत दाखल होईल, असे पाहावे.