सीमेपलीकडचे मूल आणि अविवाहित पिता

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कुटुंबविषयक कायद्याची चर्चा आपल्या शिबिरांतून होते ती बहुधा स्त्रीच्या हक्कांच्या अंगाने, आणि ते योग्यच आहे. हुंडा, पोटगी, वारसा, घटस्फोट यांपैकी कोणत्याही प्रश्नात अन्यायाचे पारडे कोणत्या बाजूला झुकलेले आहे, याविषयी समाजवाद्याच्या मनात संदेह असण्याचे कारण नाही. तरीही याच कायद्याच्या एका कोपऱ्यात असा एक पुरुष उभा आहे की, राज्यसंस्था त्याच्याकडे प्रथम गेली ती पैसे मागण्यासाठी, आणि त्यानंतर कित्येक पिढ्या अन्य कोणत्याही कारणासाठी गेली नाही. तो म्हणजे अविवाहित पिता. त्याचे मूल एका देशातून दुसऱ्या देशात नेले गेले म्हणजे कायदा त्याला काय म्हणून ओळखतो, हा आजचा विषय आहे.

आयर्लंडमधील एका खटल्यापासून आरंभ करणे सोयीचे होईल. एक आयरिश पुरुष आणि एक ब्रिटिश स्त्री दहा वर्षांहून अधिक काळ एकत्र राहत होती. विवाह झालेला नव्हता. इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, उत्तर आयर्लंड असा संसार हलवीत २००८ च्या नोव्हेंबरपासून ती दोघे आयर्लंडमध्ये राहू लागली. मुले तीन. पुढे संबंध बिघडले. जोडीदाराचे वागणे आक्रमक आहे, अशी तक्रार करीत ती स्त्री मुलांसह अनेकदा महिलांच्या आश्रयगृहात जाऊन राहिली. २००९ च्या एप्रिलमध्ये समेट झाला आणि १० ऑक्टोबरला विवाह करण्याचेही ठरले. परंतु ११ जुलै रोजी तिने पुन्हा घर सोडले. १५ जुलै रोजी पित्याच्या वकिलांनी न्यायालयासाठी अर्ज तयार केला. २५ जुलै रोजी माता मुलांना घेऊन विमानाने इंग्लंडला गेली. तोवर अर्जाची प्रत तिच्यावर बजावली गेलेली नव्हती; म्हणून कायद्याच्या दृष्टीने दावा सुरूच झालेला नव्हता. या दहा दिवसांवर पुढचे सारे अवलंबून राहिले.

असे का झाले हे समजण्यासाठी हेगचा करार पाहावा लागतो. २५ ऑक्टोबर १९८० रोजी झालेला आणि १ डिसेंबर १९८३ पासून अमलात आलेला हा करार सोळा वर्षांखालील मुलांना लागू आहे. शंभराहून अधिक देश आज त्यात सामील आहेत. त्याचा आशय साधा आहे. एका पालकाने दुसऱ्याच्या ताब्याच्या हक्काचा भंग करून मूल परदेशी नेले, तर ते मूल ज्या देशात नित्य राहत होते तेथे तातडीने परत पाठवावयाचे. मूल परत जाते ते दुसऱ्या पालकाच्या हाती नव्हे, तर त्या देशाच्या न्यायालयाच्या कक्षेत. ताबा कोणाला हे ते न्यायालय ठरवील. वर्तमानपत्री चर्चेत हा भेद नेहमी विसरला जातो. मात्र परतीची मागणी करणाऱ्यापाशी मूळ देशाच्या कायद्यानुसार ‘ताब्याचा हक्क’ असावा लागतो. नुसता भेटीचा हक्क असेल तर मूल परत येत नाही. भेटीची व्यवस्था व्हावी एवढीच विनंती करता येते. आणि ताब्याचा हक्क कोणाला, हे करार सांगत नाही. ते प्रत्येक देशाने आपल्या घरी ठरवावयाचे.

आयर्लंडने ते ठरविले होते. तेथील राज्यघटना कुटुंबाला संरक्षण देते, पण ते विवाहावर आधारलेल्या कुटुंबाला. अविवाहित पित्याला घटनात्मक हक्क नाहीत, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९६६ मध्येच सांगितले होते. १९८७ च्या कायद्याने त्याला पालकत्वासाठी न्यायालयात अर्ज करण्याची वाट दिली; पण आदेश होईपर्यंत त्याच्या हाती काही नसे. मुलांना दहा वर्षे शाळेत पोचविणाऱ्या पित्यापाशी आणि एकदाही तोंड न दाखविलेल्या पित्यापाशी कायद्याच्या दृष्टीने सारखेच काही नव्हते! प्रस्तुत प्रकरणात इंग्लंडच्या न्यायालयाने विचारणा केली की, आयरिश कायद्याप्रमाणे हे स्थलांतर बेकायदा होते काय? डब्लिनच्या उच्च न्यायालयाने २८ एप्रिल २०१० रोजी उत्तर दिले की, पित्याला ताब्याचा हक्कच नव्हता, तेव्हा भंग कशाचा? प्रकरण युरोपीय न्यायालयापर्यंत गेले. ५ ऑक्टोबर २०१० रोजी त्या न्यायालयाने निर्णय दिला की, अविवाहित पित्याचा हक्क न्यायालयाच्या आदेशावर अवलंबून ठेवण्यास युरोपचा कायदा आड येत नाही. अर्ज करण्याची संधी त्याला असली म्हणजे पुरे.

ही ‘संधी’ फसवी आहे, कारण मूल विमानात बसले की तिचे मोल जवळजवळ शून्य होते. हाउस ऑफ लॉर्ड्सने १९९० मध्ये निकालात काढलेल्या एका प्रकरणाने हे आधीच दाखवून दिले होते. पश्चिम ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या एका अविवाहित जोडप्याचे घर दोघांच्या नावावर होते. मूल दोन वर्षांचे. २१ मार्च रोजी माता मूल घेऊन इंग्लंडला निघून गेली. १२ एप्रिल रोजी ऑस्ट्रेलियातील न्यायालयाने ताबा पित्याला दिला. लॉर्डांनी म्हटले की, ती निघाली त्या दिवशी तेथील कायद्याप्रमाणे ताबा एकट्या मातेचा होता आणि आदेश झाला तेव्हा मूल ऑस्ट्रेलियाचे रहिवासी उरले नव्हते. आदेश आला, परंतु तीन आठवडे उशिरा. घरातील विटांवर पित्याचा अर्धा हक्क मान्य होता, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे. पुढे १९९४ मध्ये इंग्लंडच्याच अपील न्यायालयाने प्रत्यक्ष सांभाळ करणाऱ्या पित्याचा कागदावर न उतरलेला हक्क करारातील हक्कासारखाच मानला. आयर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये हा विचार नाकारला.

आता थोडे इतिहासाकडे वळू. अर्थशास्त्राच्या चष्म्यातून पाहिले म्हणजे या कायद्याचा उगम नीतीत नव्हे तर खर्चवहीत सापडतो. इंग्लंडमध्ये १५७६ च्या कायद्याने अनौरस मुलाच्या पित्याला शोधून त्याच्याकडून खर्च वसूल करण्याचा अधिकार दंडाधिकाऱ्यांना मिळाला. हेतू एवढाच की, परगण्याच्या धर्मादाय निधीवर भार पडू नये. त्याच वेळी इंग्लिश कायदा त्या मुलाला ‘कोणाचाही पुत्र नव्हे’ असे म्हणत होता, म्हणजे मालमत्तेत वाटा नाही. १८३४ मध्ये दारिद्र्य-कायद्याची फेररचना झाली तेव्हा भार मातेवर ढकलण्यात आला. कारण पुन्हा खर्चाचेच. फ्रान्समध्ये नेपोलियनच्या १८०४ च्या संहितेने पितृत्वाचा शोध घेण्यासच मनाई केली; ती १९१२ पर्यंत टिकली. जर्मन नागरी संहितेची तऱ्हा तर याहून मासलेवाईक. अनौरस मुलाला पित्याने पोटगी द्यावयाची, पण पिता आणि मूल हे परस्परांचे नातेवाईक मानावयाचे नाहीत! ही तरतूद १९७० च्या मध्यापर्यंत जिवंत होती. मालमत्ता कोणत्या रक्तातून कोणत्या रक्तात जावी याची चिंता आणि सरकारी तिजोरीची चिंता, या दोन चिंतांनी हा कायदा घडविला. मूल या दोहोंत कोठेच बसत नाही.

समाजवाद्यांचा स्वतःचा इतिहासही या बाबतीत निष्कलंक नाही, हे सांगितले पाहिजे. सोव्हिएट रशियाने १९१८ च्या संहितेत औरस-अनौरस भेद मोडून काढला. जगात फार थोड्यांनी तोवर तेवढे धैर्य दाखविले होते. नॉर्वेने १९१५ मध्ये अनौरस मुलांना पित्याचे नाव आणि वारसा दिला होता. परंतु युद्धात मनुष्यहानी झाली, लोकसंख्या वाढवावयाची होती, तेव्हा १९४४ च्या जुलैमधील हुकमाने स्टालिनच्या राज्यात पितृत्वाचे दावेच बंद झाले आणि अविवाहित मातेच्या मुलाच्या जन्मदाखल्यावर पित्याच्या जागी रेघ आली. १९६८ पर्यंत ती रेघ हटली नाही.

वसुलीने सीमा ओलांडली, नात्याने नाही, असे या साऱ्या व्यवस्थेचे वर्णन करता येईल. परदेशी असलेल्या पित्याकडून पोटगी मिळविता यावी यासाठी संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने १९५६ मध्येच न्यूयॉर्कला करार झाला. ब्रिटनमध्ये १९९१ च्या कायद्याने अविवाहित पित्याकडून पोटगी घेण्याची यंत्रणा उभी राहिली, आणि ते रास्तच होते. मूल जन्माला घालणाऱ्याने त्याचा खर्च दिलाच पाहिजे. पण मुलाविषयीच्या निर्णयात त्याला केवळ जन्मनोंदीवरील सहीने सहभाग मिळाला तो १ डिसेंबर २००३ पासून. बारा वर्षांच्या या अंतराचे समर्थन कसे करावयाचे?

नागरिकत्वाचीही हीच कथा. ब्रिटिश पिता, परदेशी माता, विवाह नाही, अशा मुलाला पित्याचे नागरिकत्व आपोआप मिळण्यास १ जुलै २००६ ही तारीख उजाडावी लागली. अमेरिकेत याहून कठोर उदाहरण आहे. १९६९ मध्ये सायगावला जन्मलेला एक मुलगा सहाव्या वर्षाच्या आत अमेरिकन पित्याकडे आला आणि टेक्सासमध्ये त्याच्याच घरी वाढला. मोठेपणी त्याच्या हातून गंभीर गुन्हा घडला आणि त्याला देशाबाहेर घालविण्याची कारवाई सुरू झाली. गुन्ह्याबद्दल सहानुभूती दाखविण्याचे कारण नाही. पण तो नागरिक नाही असे ठरले ते पित्याने अठराव्या वर्षापूर्वी ठरावीक कागदपत्रे न केल्यामुळे. २००१ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी तेथील सर्वोच्च न्यायालयाने हा भेदभाव वैध मानला. मुलाची माता अमेरिकन असती तर असल्या कागदांची गरजच पडली नसती.

या सगळ्यावर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो बाजूला सारता येणार नाही. अविवाहित पित्याला जन्मतःच सर्व हक्क दिले, तर मारहाण करणाऱ्याच्या हाती एक नवी काठी दिली जाईल, असे स्त्री-संघटना म्हणतात. हा आक्षेप काल्पनिक नाही. हेगचा करार झाला तेव्हा मसुदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे मूल पळविणारा पिता होता. नंतरच्या पाहण्यांत असे दिसले की, मूल नेणाऱ्यांत सुमारे सत्तर टक्के माता आहेत आणि त्यांतल्या पुष्कळशा आपल्या माहेरच्या देशी परतणाऱ्या. आयर्लंडमधील ती स्त्रीही आश्रयगृहातूनच गेली होती. मुलाला गंभीर धोका असेल तर परत पाठविण्यास नकार देण्याची सोय करारात आहे, पण तिचा अर्थ बहुतेक न्यायालये संकुचित लावतात.

खर्चाची बाजू पाहिली म्हणजे तर डोके चक्रावते. इंग्लंडमध्ये मूल परत मागणाऱ्या पालकाला त्याची मिळकत न पाहता सरकारी खर्चाने वकील मिळतो. बचाव करणाऱ्या मातेला मात्र आपले दारिद्र्य सिद्ध करावे लागते. आणि ज्या पित्यापाशी ‘ताब्याचा हक्क’ नाही, केवळ भेट मागावयाची आहे, त्यालाही मिळकतीच्या त्याच चाळणीतून जावे लागते. म्हणजे निर्धन माता आणि निर्धन अविवाहित पिता दोघेही एकाच दाराबाहेर ताटकळतात. पित्याचे हक्क की मातेचे हक्क, अशी झुंज लावणाऱ्यांनी या दाराकडे पाहावे.

तेव्हा रक्ताला आपोआप हक्क नको, आणि विवाहाच्या दाखल्यालाही नको. हक्काचा उगम सांभाळात असावा. जर्मनीत माता संमती देईल तरच अविवाहित पित्याला संयुक्त पालकत्व, अशी १९९८ पासूनची तरतूद होती. नकार मिळाला तर न्यायालयात दाद मागण्याचीही सोय नव्हती. स्ट्रासबुर्गच्या मानवी हक्क न्यायालयाने ३ डिसेंबर २००९ रोजी ती भेदभावाची ठरविली. २०१३ च्या मे महिन्यापासून मुलाच्या हितास बाध येत नसेल तर न्यायालय संयुक्त पालकत्व देते. आयर्लंडने २०१५ मध्ये कायदा बदलला: बारा महिने सहवास, त्यांतील तीन तरी मुलाच्या जन्मानंतरचे, एवढे झाले की पालकत्व आपोआप. १८ जानेवारी २०१६ पूर्वीचा सहवास मात्र मोजावयाचा नाही. जुन्या पित्यांच्या पदरी पुन्हा अर्जच. शिवाय सहवासाबद्दल वाद झाला की निर्णय न्यायालयाचा, आणि न्यायालयाचा निर्णय विमानापेक्षा सावकाश येतो. नोंदणी कचेरीत जन्मनोंद होतानाच विनामूल्य पालकत्वाची नोंद आणि हिंसेची तक्रार असेल तेथे काही आठवड्यांत स्थानिक न्यायालयाची सुनावणी, अशी जोड दिल्याखेरीज या सुधारणेत जीव येणार नाही.

आपल्या देशाशी याचा संबंध काय, असा प्रश्न कोणी विचारील. मराठी तरुण-तरुणी आज म्युनिक, डब्लिन, सिडनी येथे नोकरीस आहेत, तेथे विवाहावाचून एकत्र राहणारेही आहेत, आणि त्यांची मुले आजोळी येतात. भारत हेगच्या करारात सामील झालेला नाही. विधी आयोगाने २००९ मध्ये सामील व्हावे अशी शिफारस केली. २०१६ मध्ये विधेयकाचा मसुदा निघाला. २०१८ मध्ये एका समितीचा अहवाल आला. परदेशात छळ झालेल्या विवाहित स्त्रियांना मुलांसह माघारी धाडावे लागेल, ही भीती या चर्चेत वारंवार व्यक्त झाली. त्यामुळे परदेशस्थ पित्याला येथे उच्च न्यायालयात बंदी-प्रत्यक्षीकरणाचा अर्ज किंवा १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली दावा, एवढेच मार्ग आहेत. परदेशी न्यायालयाचा आदेश हा विचारात घ्यावयाचा एक घटक, मुलाचे हित सर्वोपरी, असे सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने २०१७ मध्ये सांगितले आहे.

अविवाहित पित्याचा या चर्चेत उल्लेखही क्वचितच होतो. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याचे सहावे कलम वाचावे. औरस मुलाचा नैसर्गिक पालक पिता आणि त्यानंतर माता. अनौरस मुलाची पालक माता आणि त्यानंतर पिता. विवाहात मूल म्हणजे घराण्याची ठेव, म्हणून पुरुष पुढे. विवाहाबाहेर मूल म्हणजे ओझे, म्हणून ते स्त्रीच्या पदरात. पहिल्या अर्धातील ‘त्यानंतर’ या शब्दाचा अर्थ १९९९ मध्ये गीता हरिहरन प्रकरणात न्यायालयाने सैल केला. दुसऱ्या अर्धाला कोणी हात लावलेला नाही. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित मातेला पित्याचे नाव न सांगता, त्याला नोटीस न देता पालकत्व मागण्याची मुभा दिली. मुलाकडे ढुंकूनही न पाहणाऱ्या पित्याच्या बाबतीत हा निर्णय स्वागतार्हच होता. पोटगीचे कलम मात्र पूर्वीच्या फौजदारी संहितेत होते तसेच नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही अनौरस मुलासाठी पित्यावर लागू आहे.

भारत उद्या हेगच्या करारात गेला आणि पुण्यात वाढलेले असे एखादे मूल मातेने डब्लिनला नेले, तर तेथील न्यायालय दिल्लीला विचारील की, पित्याला ताब्याचा हक्क होता काय? सहाव्या कलमाप्रमाणे, माता हयात असेतो, नाही, असेच उत्तर पाठवावे लागेल.