प्रश्न कोणास विचारावा?



शाळामास्तराला जन्मभर दोन प्रकारचे प्रश्न विचारावे लागतात. गोविंदाला गणितांत किती गुण मिळाले, हा एक. आणि या वर्गांत मुलें किती, हा दुसरा. पहिल्याचें उत्तर गोविंदापाशीं आहे. त्याच्या जागीं रामा उभा राहिला कीं उत्तर बदललें. दुसऱ्याचें उत्तर कोणा एका मुलापाशीं नसून वर्गापाशीं आहे. वर्गांत एकहि मूल आलेलें नसलें, तरी 'शून्य' असें उत्तर देतां येतें. संगणकाच्या भाषा रचणाऱ्यांपुढें हाच भेद पन्नासांहून अधिक वर्षें उभा आहे. तो नीट न सांभाळल्यास काय घडतें, हें आज मला सांगावयाचें आहे.

ज्यांना 'ऑब्जेक्ट-ओरिएंटेड', म्हणजे वस्तुप्रधान, भाषा म्हणतात त्यांपैकीं बहुतेकींत प्रथम वर्गाचें वर्णन करावयाचें व त्या वर्णनाबरहुकूम हव्या तितक्या वस्तु निर्माण करावयाच्या, अशी रीत आहे. बँकेचें 'खातें' हा वर्ग; तुमचें खातें, माझें खातें ह्या वस्तु. माझ्या खात्यांतील शिल्लक विचारणें ही वस्तूला केलेली पृच्छा. तिला 'इन्स्टन्स मेथड' म्हणतात. एकंदर खातीं किती उघडलीं, ही वर्गाला केलेली पृच्छा. तिला 'स्टॅटिक मेथड' असें नांव आहे.

ही वर्गकल्पना ओस्लो येथील ओले-योहान डाल व क्रिस्टन न्युगार्ड यांच्या सिम्युला 67 या भाषेंत रूपास आली. पुढें झेरॉक्सच्या संशोधनशाळेंत घडलेल्या स्मॉलटॉक-80 मध्यें वर्ग हीदेखील एक वस्तूच मानली गेली. वर्गाला विचारणें म्हणजे दुसऱ्या एका वस्तूलाच विचारणें. ब्यार्ने स्ट्रॉस्ट्रुप यांच्या सी प्लस प्लसनें, व 1995 सालीं प्रसिद्ध झालेल्या जावानें, निराळी वाट धरली. तेथें स्टॅटिक कृति कोणती चालवावयाची, हें ऐन वेळीं वस्तु पाहून ठरत नाहीं. प्रोग्रामचें यंत्राच्या भाषेंत रूपांतर होतांनाच तें कायम होतें.

येथवर कोणाचें कांहीं बिघडलें नाहीं. परंतु जावानें एक सवलत ठेविली. स्टॅटिक कृतीला वर्गाच्या नांवानें हांक मारावी हें योग्य. पण एखाद्या वस्तूच्या नांवानें मारली, तरी ती चालते.

या सवलतीपायीं माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या दोन रात्री गेल्या. जावामध्यें अनेक कामें एकाच वेळीं चालविण्यासाठीं 'थ्रेड' नांवाच्या वस्तु असतात, आणि 'स्लीप' ही त्यांच्या वर्गाची स्टॅटिक कृति आहे. त्यानें आपल्या एका थ्रेडचें नांव घेऊन त्यास पांच सेकंद झोपण्यास सांगितलें. भाषेनें वाक्य शुद्ध ठरविलें. पण स्टॅटिक कृति पुढें उभ्या असलेल्या वस्तूकडे पाहतच नाहीं. जो थ्रेड ही आज्ञा चालवीत असतो, तोच झोपतो. रामाला 'नीज' म्हणावें आणि म्हणणाऱ्यानेंच निजावें, तसा हा प्रकार! त्यानें वाक्य दहा वेळां वाचलें. दहाहि वेळां तें बरोबरच दिसलें.

याहून विलक्षण गोष्ट अशी, कीं नांवामागें वस्तूच नसली तरी ही हांक निमूटपणें पोंचते. इन्स्टन्स मेथडच्या बाबतींत जावा तत्काळ चूक दाखवून प्रोग्राम थांबविते; येथें मात्र रिकाम्या बांकाला विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर वर्ग देऊन मोकळा होतो.

सवलतीच्या बाजूनेंहि बोलण्यासारखें आहे. वस्तूची कृति पुढें वर्गाची केली, तर जुनीं वाक्यें बदलावीं लागत नाहींत. परंतु माझ्या मतें ही सोय फार महाग पडते. मायक्रोसॉफ्टच्या सी शार्प भाषेंत असें वाक्य सरळ नापास होतें. जावानेंहि 2014 सालच्या आठव्या आवृत्तींत 'इंटरफेस' या रचनेला स्टॅटिक कृति दिल्या, तेव्हां त्यांना वस्तूच्या नांवानें हांक मारण्यास मनाई केली. जुनी सवलत मात्र काढतां आली नाहीं. ती काढली असती तर चालूं असलेले प्रोग्राम अडले असते. भाषेंत एकदां शिरलेली शिथिलता अशी चिकटून बसते.

आतां, कोणती कृति वर्गाची व कोणती वस्तूची, हें ठरवावें कसें? मुदतठेवीचा व्याजदर घ्या. तो सर्वांस सारखाच, असें समजून एखाद्यानें तो वर्गापाशीं ठेविला. पुढें माझ्यासारख्या ज्येष्ठ नागरिकांस अधिक दर देण्याचें ठरलें. आतां प्रश्न ठेवीला विचारावयास हवा. पण प्रोग्रामांत शंभर ठिकाणीं तो वर्गालाच विचारलेला आहे. त्यांतील एक जागा बदलावयाची राहिली, तर कोणा वृद्धाचें व्याज कमी भरेल, आणि चूक कोणाची हें त्याला कधींच समजणार नाहीं. म्हणून उत्तर आज सर्वांचें सारखें आहे काय, एवढेंच पाहून भागत नाहीं. उद्यांहि तें सारखेंच राहील काय, हें पाहावें. शंका असल्यास प्रश्न वस्तूलाच विचारावा.

आम्ही मुलांना व्याकरण शिकवितांना कर्ता कोण, हें आधीं विचारीत असूं. यंत्राच्या भाषेलाहि तोच नियम लागू आहे. वाक्यांत ज्याचें नांव घेतलें, त्यानेंच काम करावें. तसें होणार नसेल, तर तें वाक्य भाषेनें लिहूं देऊं नये.