सहीच्या वरची ओळ

नांदेड-लातूरच्या पदवीधर मित्रमैत्रिणींनो,

आजपासून तुमच्या सहीला वजन आलं. कालपर्यंत ती हजेरीपटावर आणि उत्तरपत्रिकेवर होत होती. उद्यापासून ती औषधाच्या चिठ्ठीवर, ताळेबंदावर, इमारतीच्या नकाशावर होईल आणि तिच्या भरवशावर कुणीतरी निर्धास्त झोपेल. मी स्थापत्य अभियंता आहे, म्हणून भिंतींबद्दल बोलणार आहे. डॉक्टरांनी आणि शिक्षकांनी त्यात आपापलं काम पाहावं.

२९ सप्टेंबर १९९३ ला अनंत चतुर्दशी होती. विसर्जन करून दमलेली माणसं झोपली होती. दुसऱ्या दिवशी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी-सास्तूरच्या पट्ट्यात जमीन हादरली. गेलेल्यांचे आकडे ८ हजारांपासून १० हजारांपर्यंत सांगितले जातात. तुमचा तेव्हा जन्म नव्हता, पण घरातल्या मोठ्यांकडून ती पहाट तुम्ही ऐकली असणार.

तेव्हाची आपली घरं कशी होती? दोन-अडीच फूट जाडीच्या दगड-मातीच्या भिंती, वर लाकूड आणि त्यावर मातीचं माळवद. गळू नये म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर माळवदावर नवी माती टाकायची; जुनी कुणी काढत नसे. भर उन्हाळ्यात आत गारवा असायचा. पण ती जाड दिसणारी भिंत एकसंध नव्हती. बाहेर दगडांचा एक थर, आत एक थर, मध्ये चिपा आणि माती. दोन्ही थरांना धरून ठेवणारा आरपार लांब दगड बहुतेक भिंतींत नव्हताच. हादरा बसला तसे थर दोन बाजूंना सुटले आणि माळवदाची सगळी माती झोपलेल्यांच्या अंगावर आली.

गवंड्याला मी दोष देणार नाही. इथे भूकंप होऊ शकतो हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं, आणि सांगायचं काम आमचं होतं. देशाचा भूकंपक्षेत्रांचा नकाशा आमच्याच व्यवसायातल्या जाणकारांनी केला. ११ डिसेंबर १९६७ ला कोयनेला भूकंप झाला, त्यानंतर १९७० मध्ये हा नकाशा सुधारला. तरीही किल्लारी पहिल्या, म्हणजे सगळ्यात कमी धोक्याच्या क्षेत्रातच राहिली. १९९२ च्या ऑगस्टपासून त्या भागात लहान धक्के बसत होते. १८ ऑक्टोबरचा तर चांगलाच जाणवला. लोक घाबरले होते. पण नकाशावर तो भाग सुरक्षित होता आणि घरं होती तशीच राहिली.

२००२ मध्ये, हा नकाशा ज्यात असतो त्या भूकंपविषयक भारतीय मानक १८९३ ची नवी आवृत्ती निघाली. तिच्यात पहिलं क्षेत्र देशभरातून रद्द करून दुसऱ्यात मिळवलं आणि किल्लारीचा भाग तिसऱ्या क्षेत्रात घेतला. प्रस्तावनेत किल्लारीचं नाव छापलेलं आहे. ओळ कोरडी आहे. ‘आम्ही चुकलो’ असं तिच्यात नाही, आणि तिला नऊ वर्षं लागली याची मला खंत आहे. तरी नव्या मुलांना मी ते पान हटकून दाखवतो. ज्या पुस्तकात चूक होती त्याच पुस्तकात ती गावाच्या नावासकट दुरुस्त केलेली आहे.

जबाबदारी म्हटलं की आपल्याला राजीनामा आठवतो. आपल्या चाकूरचे शिवराज पाटील मुंबईवरच्या हल्ल्यानंतर, ३० नोव्हेंबर २००८ रोजी, नैतिक जबाबदारी घेऊन केंद्रीय गृहमंत्रिपदावरून दूर झाले. सार्वजनिक पदाला ते शोभतं. पण नोकरीच्या दुसऱ्या वर्षी तुमच्याकडे सोडायला खुर्ची नसते. फक्त केलेली सही असते.

माझी सही सांगतो. भूकंपानंतर ५२ गावं नव्या जागी वसवली, आणि इतर गावांतली उभी राहिलेली घरं बळकट करायचं काम निघालं. भिंतीला ठरावीक अंतरावर आरपार भोक पाडायचं, त्यात सळई ठेवायची आणि काँक्रीट भरायचं. मी नवखा होतो. एका घराची भोकं बाहेरून मोजली, संख्या जुळली, मोजमाप पुस्तकात सही केली. पुढच्या आठवड्यात त्याच गल्लीतून जाताना एका आजींनी हाक मारली. “सायेब, बाहीरून ठिपके दिसतेत, आतून तर काहीच न्हाई की.” आत गेलो. खरंच भिंत कोरी होती. भोकं अर्ध्यातच थांबली होती.

रात्री वरिष्ठांना पत्र लिहायला बसलो. पहिलं वाक्य उतरलं ते असं: “सदर बाब नजरचुकीने राहून गेली आहे.” तुम्हीही हे वाक्य लवकरच शिकाल. कचेरीत पाऊल टाकलं की ते आपोआप येतं. त्यात चूक आहे, पण माणूस नाही. राहून गेली, म्हणजे जणू बाब स्वतःच मागे थांबली! मी तो कागद फाडला आणि लिहिलं: “मी घरात न जाता सही केली.”

वरिष्ठ रागावले नाहीत. त्यांनी एकच विचारलं, “अशा किती सह्या केल्यास?” पहिल्या कागदावरून हा प्रश्न कुणी विचारलाच नसता. नजरचूक एका घरापुरती असते. न पाहता सही करणारा माणूस मात्र सगळ्या गावात फिरलेला असतो. माझ्या सहीची सगळी घरं पुन्हा तपासली. आणखी तीन निघाली. त्या तीन घरांत लेकरं झोपत होती. ही गोष्ट इतक्या वर्षांत मी एकदाही हलक्या मनाने सांगू शकलेलो नाही.

आजींच्या घरी काम नव्याने झालं, या वेळी आतल्या बाजूने. मी भिंतीला पाठ लावून बसून होतो. पहिलं भोक आरपार गेलं तसा उन्हाचा एक कवडसा चुलीपर्यंत आला. आजींनी त्या भोकाला डोळा लावून गल्लीत पाहिलं आणि म्हणाल्या, “आता दिसतंय.” सगळी भोकं मी दोन्हीकडून मोजली, सळया पाहिल्या, काँक्रीट भरेपर्यंत थांबलो. मग मोजमाप पुस्तक उघडलं, “आत जाऊन स्वतः पाहिले” असं लिहिलं आणि त्याखाली सही केली.