घोड्यावर बसवलं तर तो चालेल का?

(भागाचं लिखित रूप. बोलताना जे दोनदा बोलले गेले तेवढं काढलंय, बाकी जसं बोलले तसंच.)

आवाज नीट यावा म्हणून कूलर बंद केलाय, आणि बल्लारपुरात मे महिन्यात कूलर बंद करणं म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे. त्यामुळे पटकन मुद्द्यावर येते.

गेल्या काही दिवसांत तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मला एकाच प्रकारच्या रील्स पाठवल्या. घोड्यावर एक लहान मूल, मागे हळवं संगीत, आणि खाली लिहिलेलं असतं की डॉक्टरांनी हात टेकले होते, घोड्याने चमत्कार केला. राजुऱ्याच्या एका मुलीने सोबत व्हॉइस मेसेजही पाठवला. तिचा भाऊ सात वर्षांचा आहे, त्याला सेरेब्रल पाल्सी आहे. ती विचारते, "ताई, माह्या भावाले घोड्यावर बसवलं तं तो चालन का? आई म्हणते, पुण्याले नेऊ, लागन तं बांगड्या मोडू."

म्हणून आजचा भाग. नवीन श्रोत्यांसाठी सांगते, मी फिजिओथेरपिस्ट आहे, इथलीच. शिक्षण संपल्यावर दोन वर्षं पुण्याजवळच्या एका केंद्रात काम केलं, जिथे घोड्यांच्या मदतीने मुलांवर उपचार होतात. केंद्राचं नाव सांगत नाही, कारण हा भाग जाहिरात नाही.

आता उत्तर. आधीच सांगून टाकते, म्हणजे कोणी बांगड्या मोडायला घाई करणार नाही. न चालणारं मूल केवळ घोड्यावर बसून चालायला लागलं, असं मी दोन वर्षांत एकदाही पाहिलं नाही. पण जे पाहिलं, ते कमी मोलाचं नव्हतं. ते काय होतं, तेच आज सांगायचंय.

आधी घोडा नेमकं करतो काय ते समजून घेऊ. उभे राहा आणि कमरेवर दोन्ही हात ठेवून चार पावलं चाला. चालताना कंबर पुढे-मागे होते, डावी-उजवी होते आणि थोडी वळतेसुद्धा. हे तिन्ही एकाच वेळी होतं. आता घोडा संथ चालीने चालतोय आणि तुम्ही पाठीवर बसला आहात. तुमचे पाय लोंबकळतायत, पण तुमची कंबर जवळजवळ तशीच हलतेय, जशी स्वतः चालताना हलते. म्हणजे जे मूल कधी चाललंच नाही, त्याच्या कमरेला आणि पाठीला चालणं म्हणजे काय हे पहिल्यांदा कळतं. घोडा मिनिटाला साधारण शंभर पावलं टाकतो. वीस मिनिटांत दोन हजार. आणि प्रत्येक पावलाला मुलाचं शरीर तोल सावरायचा प्रयत्न करतं. टेबलावर झोपवून मी त्याच्याकडून दोन हजार वेळा कुठला व्यायाम करून घेणार? पन्नासाव्याला तो रडायला लागेल.

दुसरी गोष्ट ऊब. घोड्याचं अंग आपल्यापेक्षा साधारण एक अंश सेल्सिअसने गरम असतं. ज्या मुलांचे पाय कात्रीसारखे एकमेकांवर घट्ट आवळलेले असतात, त्यांना खोगिराऐवजी जाड गादीवर बसवतात. ती ऊब आणि तो एकसारखा झोका, यांनी मांड्या हळूहळू सैल होतात. पहिली पाच मिनिटं आम्ही बाकी काही करायचोच नाही, फक्त तेवढ्याची वाट बघायचो.

याला हिप्पोथेरपी म्हणतात. हिप्पो हा घोड्यासाठीचा ग्रीक शब्द, पाणघोड्याचा काही संबंध नाही, हसू नका! यात उपचार करणारा फिजिओथेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट किंवा स्पीच थेरपिस्ट असतो आणि घोड्याची चाल हे त्याचं साधन. दुसरा प्रकार म्हणजे थेरप्युटिक रायडिंग. त्यात मूल लगाम धरायला, घोडा थांबवायला, वळवायला शिकतं. दोन्हींचा हेतू वेगळा, म्हणून चौकशी करताना विचारा की तुमच्याकडे यातलं नेमकं काय होतं.

या सगळ्याला जगभर हवा मिळाली ती एका बाईमुळे. लिस हार्टेल, डेन्मार्कची घोडेस्वार. १९४४ साली ती २३ वर्षांची आणि गरोदर असताना तिला पोलिओ झाला. नंतर बरीच सावरली, पण गुडघ्याखालच्या पायांत ताकद परत आली नाही. घोड्यावर चढायला-उतरायला माणूस लागायचा. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये ड्रेसाज या प्रकारात बायकांना पहिल्यांदाच पुरुषांबरोबर उतरू दिलं, आणि तिने रौप्यपदक घेतलं. सुवर्णपदक जिंकणाऱ्या स्वीडनच्या स्वाराने तिला हात देऊन मंचावर चढवलं. १९५६ ला तिने पुन्हा रौप्य मिळवलं. १९६९ मध्ये ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे अशा घोडेस्वारीच्या राष्ट्रीय संस्था उभ्या राहिल्या. १९९६ पासून पॅरालिम्पिकमध्येही ड्रेसाज आहे. लक्षात घ्या, लिसचे पाय बरे झाले नाहीत. त्याच पायांनी ती पदकापर्यंत गेली.

आता केंद्रातला दिवस. रीलमध्ये तो दिसत नाही.

सकाळी साडेपाचला तबेल्यात. आधी लीद काढायची, मग खरारा. खूर उचलून आतली माती, खडे काढायचे. सईसकाका प्रत्येक घोड्याचे कान आणि शेपूट बघायचे. कान मागे चिकटवलेले, शेपूट सारखी आपटतेय, तर त्या घोड्याला सुट्टी. मुलं पुण्यातून गाडी करून आलेली असली तरी सुट्टी म्हणजे सुट्टी. एकदा आमच्या एका घोडीच्या रात्री पोटात दुखायला लागलं. घोड्याला उलटी होत नाही, त्यामुळे पोटदुखी त्याच्या जिवावर बेतू शकते. रात्रभर डॉक्टर, सईसकाका आणि आम्ही दोघी तिच्याजवळ होतो. घोडी वाचली. सकाळची सगळी सत्रं रद्द झाली.

आणि एका मुलामागे किती माणसं लागतात माहीत आहे? एक जण घोडा धरून चालणारा. मुलाच्या दोन्ही बाजूंना एकेक, मांडीवर हात ठेवून. आणि सूचना देणारी थेरपिस्ट. म्हणजे वर एक आणि खाली चार. घोड्याला एका दिवसात मोजकीच मुलं द्यायची. स्वार आणि सामान मिळून भार घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या वर जाऊ द्यायचा नाही, असा साधारण नियम असतो. दर सहा-आठ आठवड्यांनी नालबंद येणार. घोडा रोज चरणार, मुलं येवोत न येवोत. हे महाग का असतं आणि गल्लोगल्ली का नसतं, ते आता कळलं असेल.

आता मुलांबद्दल. नावं सांगणार नाही, आणि ओळख पटेल असं काही सांगणारही नाही.

एक मुलगा, सहा वर्षांचा. आधार सोडला की बाजूला कलंडायचा. आठ महिने आला, आठवड्यातून दोनदा. चालला का? नाही. पण आठव्या महिन्यात तो पाटावर, भिंतीला न टेकता, दहा-बारा मिनिटं बसायला लागला. त्याच्या आईने मला सांगितलं, "मॅडम, आज मी त्याच्या शेजारी बसून जेवले. दोन्ही हात मोकळे होते माझे." सहा वर्षं ती एका हाताने त्याला धरून दुसऱ्या हाताने जेवत होती. कुठल्याही रिपोर्टमध्ये याचा रकाना नसतो.

एक मुलगी, ऑटिझम असलेली, नऊ वर्षांची. कोणी हात लावला की चावायची. तिला आम्ही महिनाभर घोड्यावर बसवलंच नाही. नुसता खरारा करायला दिला. केस ज्या दिशेला आहेत त्याच दिशेने ब्रश फिरवायचा, उलटा फिरवला की घोडी बाजूला सरकणार. घोडी रागवत नव्हती, समजावत नव्हती, फक्त सरकत होती. मुलीला ते पटलं. माणसांचे नियम सारखे बदलतात, घोडीचा एकच होता.

आणि एक मुलगा घाबरला. चार वेळा प्रयत्न केला, चारही वेळा थरथर कापत रडला. आम्ही थांबवलं. त्याच्या बाबांना वाईट वाटलं, पण भीतीने अंग ताठ होत असेल तर उपचार उलटा पडतो. प्रत्येकासाठी हा मार्ग नसतो.

अभ्यास काय म्हणतात? सेरेब्रल पाल्सीच्या मुलांमध्ये धड सावरणं आणि बसण्याचा तोल यात फरक दिसतो. पण बरेचसे अभ्यास छोटे आहेत आणि तो फरक किती काळ टिकतो यावर एकमत नाही. ऑटिझमवर २०१५ साली अमेरिकेत एक चांगला अभ्यास प्रसिद्ध झाला. ६ ते १६ वयाची शंभरहून अधिक मुलं, १० आठवडे. एका गटाला घोडेस्वारी. दुसऱ्या गटालाही तबेल्यातच नेलं, घोड्यांची माहिती दिली, पण खऱ्या घोड्याशी संपर्क येऊ दिला नाही. घोडेस्वारीच्या गटात चिडचिड आणि अतिचंचलता जास्त कमी झाली, बोलण्यातही फरक दिसला. म्हणजे फायदा आहे. चमत्कार नाही.

काही धोके स्पष्ट सांगते. कंबरेचा सांधा निखळलेला असेल, फिट्स आटोक्यात नसतील, हाडं ठिसूळ असतील, तर डॉक्टरांच्या परवानगीशिवाय घोड्याच्या जवळही जाऊ नका. डाउन सिंड्रोमच्या काही मुलांच्या मानेचे वरचे मणके सैल असतात, त्यामुळे आधी मान तपासून घ्यायलाच हवी. आणि हात जोडून सांगते, वरातीची घोडी भाड्याने आणून घरचे प्रयोग करू नका. ती बँड आणि नवरदेव यांच्या सवयीची असते. ताठ पायांचं मूल अचानक किंचाळलं तर ती काय करेल, हे तिच्या मालकालाही सांगता येणार नाही.

ज्यांना जवळपास केंद्र आहे, पुण्यामुंबईत नातेवाईक आहेत, सुट्टीत राहायची सोय आहे, त्यांनी जरूर जावं. गेल्यावर आधी घोडे बघा. अंगावर जखमा आहेत का, बरगड्या दिसतात का, सावली आणि पाणी आहे का. हेल्मेट देतात का. आणि पहिल्याच दिवशी कागदपत्रं न मागता मुलाला वर बसवलं, तर उतरवून घ्या आणि परत या.

पण राजुऱ्याच्या त्या ताईसाठी आणि तिच्यासारख्या सगळ्यांसाठी माझा सल्ला वेगळा आहे. बल्लारशाहहून पुणे सातशे किलोमीटरच्या पुढे. महिन्यातून एकदा जाऊन वीस मिनिटं घोड्यावर बसल्याने काही होत नाही. घोड्याचा गुण त्याच्या पुन्हा पुन्हा पडणाऱ्या पावलात आहे. ते पुन्हा पुन्हा तुम्हाला घरी आणता येतं.

दिवाणावरचा लोड असतो ना, गोल, कडक? मुलाला त्याच्यावर दोन्ही बाजूंना पाय टाकून बसवायचं, मागून कंबर धरायची आणि लोड हळूच डावीकडे-उजवीकडे हलवायचा. आम्ही फिजिओ हे वर्षानुवर्षं करतो. घोड्याइतकं नाही, पण त्याच घराण्यातलं. किती वेळ, कुठे धरायचं, हे तुमच्या थेरपिस्टकडून आधी शिकून घ्या आणि मग रोज करा. घरी बकरी असेल, गाय असेल, तर ऑटिझमच्या मुलाला ठरलेल्या वेळी पाणी पाजायचं काम द्या, सोबत मोठं माणूस ठेवून. एक प्राणी, एक वेळ, एक नियम.

आणि सरकारी दार ठोठावा. अंगणवाडी आणि शाळेत मुलांना तपासायला जे पथक येतं ना, ते राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं. जन्मापासून १८ वर्षांपर्यंत. त्यांनी पाठवलेल्या मुलांसाठी जिल्हा पातळीवर लवकर उपचाराची केंद्रं असतात, तिथे थेरपी मोफत असते. जिल्हा रुग्णालयात जाऊन विचारा. यूडीआयडी कार्ड काढा. सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असेल, तर राष्ट्रीय न्यासाची 'निरामय' विमा योजना आहे. एक लाखापर्यंत संरक्षण, आणि ठरावीक मर्यादेत थेरपीचा खर्चही त्यात येतो. जे मूल एकट्याने प्रवास करू शकत नाही, त्याला आणि सोबतच्या माणसाला रेल्वेत स्लीपर आणि थ्री एसीला ७५ टक्के सवलत मिळते. बांगड्या मोडण्याआधी हे सगळं करून झालेलं असू द्या.

आपल्याकडे असं केंद्र कधी होईल का? उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो, घोड्याला काम द्यायचं तर पहाटेच द्यावं लागेल. वर्षभराच्या चाऱ्याची, नालबंदाची आणि घोड्यांच्या डॉक्टरची सोय लावावी लागेल. अवघड आहे. पण बाबा आमट्यांनी १९४९ साली महारोगी सेवा समिती काढली, तेव्हा वरोऱ्याच्या त्या माळावर तरी काय होतं? आज तिथे अंध आणि मूकबधिर मुलांच्या शाळा आहेत. तुमच्यापैकी कोणी पशुवैद्यकीय शिकतंय, कोणी फिजिओथेरपी शिकतंय. वर एक आणि खाली चार लागतात, एवढं लक्षात ठेवा.

भावंडांसाठी एक शेवटचं. घरात असं मूल असलं की मोबाईल तुमच्या हातात असतो, म्हणून माहिती शोधायचं काम तुमच्यावर पडतं. रील दिसली की आईला लगेच दाखवू नका. आधी बघा, त्यात मूल किती महिने आलं ते सांगितलंय का, थेरपिस्ट कोण ते सांगितलंय का. नसेल तर पुढे सरका. आईच्या आशेची जबाबदारी थोडी आपलीही असते.

पुढच्या भागात स्प्लिंट आणि कॅलिपरबद्दल बोलू, कोणाला लागतात आणि कोणाला उगाच घातले जातात. प्रश्न व्हॉइस मेसेजने पाठवा, मुलाचं नाव आणि फोटो मात्र पाठवू नका. कूलर लावते आता. भेटू.